कुत्र्याच्या पायाखालचे प्लॅस्टिकचे गवत

घरामागच्या अंगणात प्लॅस्टिकची हिरवळ अंथरायची आणि तिच्यावर कुत्रे मोकळे सोडायचे, ही रीत मूळची अमेरिकेची. १९६६ साली ह्यूस्टन शहरातल्या ‘अ‍ॅस्ट्रोडोम’ या छप्पर असलेल्या क्रीडागारात हे गवत बसवले आणि ते जगाला माहीत झाले. छपरामुळे पुरेसे ऊन मिळेना, म्हणून तिथले खरे गवत मरून गेले होते. पुढे कॅलिफोर्नियात पाण्याची टंचाई झाली तेव्हा ते घराघरांच्या अंगणात शिरले. २०१५ साली तिथे कायदा झाला की, घरमालकाने असे गवत लावायला सोसायटीने हरकत घ्यायची नाही. आठच वर्षांनी, २०२३ साली, दुसरा कायदा आला आणि या गवतावर बंदी घालण्याची मुभा नगरपालिकांना मिळाली. मधल्या काळात त्याचे गुणदोष उघड झाले होते.

आता तेच गवत आपल्याकडे सतरंजीसारखे गुंडाळून चौरस फुटाच्या भावाने मिळते. आपल्या समाजातील नोकरदार मुलांनी कर्ज काढून रो-हाऊस घेतले, मागे थोडी जागा मिळाली, कुत्रे पाळले की हे गवत अंथरावेसे वाटते. ज्यांच्या आईवडिलांनी सारा संसार एका खोलीत केला, त्यांनी हौस करू नये असे कोण म्हणेल? पण हौसेपूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात.

पहिली गोष्ट उन्हाची. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने २००२ साली प्लॅस्टिक गवताच्या मैदानावर मोजमाप केले. हवेचे तापमान सुमारे ३७ अंश असताना गवताचा पृष्ठभाग ९३ अंशांपर्यंत तापलेला आढळला. ते मैदान काळ्या रबराची भुकटी भरलेले होते, हे खरे. पण नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात हवाच ४५ अंशांवर जाते. माणूस चप्पल घालतो, कुत्रा अनवाणी असतो. त्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांनाच. बाकी उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो. दुपारी हाताची मागची बाजू त्या गवतावर सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसले नाही तर त्यालाही सोसणार नाही.

दुसरी गोष्ट लघवीची. मातीत लघवी जिरते, प्लॅस्टिकमध्ये जिरत नाही. खाली कोबा असेल तर ती तिथेच साचते, कुजते आणि अमोनियाचा उग्र वास घरात शिरतो. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू रोगी उंदरांच्या आणि कुत्र्यांच्या लघवीतून पसरतात. ते ओलीत टिकतात आणि पायाच्या जखमेतून अंगात शिरतात. जुलै २००५ च्या महापुरानंतर या रोगाने मुंबईत बळी घेतले, ते आपण विसरलेलो नाही.

‘या गवताला पाणी लागत नाही’ असे दुकानदार सांगतो. कुत्र्याच्या घरी ते खरे नाही. रोज पंधरा लिटरच्या तीन बादल्या ओतल्या तरी महिन्याला १,३५० लिटर पाणी होते. नळ एक दिवसाआड येत असेल तर ते कुठून आणायचे? आणि त्या बादल्या कोण उचलणार? बहुतेक घरांत आई किंवा सूनच.

तरीही लावायचेच असेल तर काम असे करून घ्यावे. तीन-चार इंच माती काढावी. भिंतीपासून नालीकडे दहा फुटांना दोन इंच उतार ठेवावा. खाली जाड खडी, वर बारीक कच टाकून धुम्मस मारावी. गवताच्या पाठीला भोके असलीच पाहिजेत. खाली स्पंज अंथरू नये, वर रबराची भुकटी टाकू नये. शेवटी एक बादली पाणी ओतून पाहावे. साचले तर काम चुकले. आणि मजुराची मजुरी त्याच दिवशी पूर्ण द्यावी.

आता हिशेब. १० बाय १२ ची जागा म्हणजे १२० चौरस फूट. पन्नास रुपयांचा भाव धरला तरी ६,००० रुपये. खडी, कच, मजुरी वेगळी. त्यापेक्षा माती तशीच ठेवून हरळी लावली, एका कोपऱ्यात रेती टाकली आणि वर सावली केली, तर कुत्रा सुखात राहतो. हरळीवर लघवीचे पिवळे डाग पडतात. लगेच तांब्याभर पाणी ओतले की कमी होतात. विष्ठा मात्र रोज उचलावी, कारण तिच्यातल्या कृमींमुळे अनवाणी मुलांच्या पायांना खाज सुटते. वाचलेल्या पैशांतून जंतांचे औषध आणि रेबीजची लस वेळेवर द्यावी.

काही वडीलधारे म्हणतील, ‘१९२७ साली चवदार तळ्याचे पाणी कुत्र्याला चालत होते, आपल्याला नव्हते. आता आपणच त्याच्यासाठी गालिचे अंथरायचे?’ हा संताप खोटा नाही. पण आपल्याला अडवले ते माणसांनी, कुत्र्याने नव्हे. सम्राट अशोकाने गिरनारच्या शिलालेखात माणसांबरोबर जनावरांच्याही औषधोपचाराची सोय नोंदवली आहे. आपण त्या परंपरेचे आहोत.

कुक्कुर जातकातली कथा, पुनर्जन्माचा भाग बाजूला ठेवूनही, सांगण्यासारखी आहे. राजाच्या रथाचे कातडे कुत्र्यांनी खाल्ले. राजाने वाड्यातली जातिवंत कुत्री सोडून बाकी सगळी मारण्याचा हुकूम काढला. स्मशानातल्या एका कुत्र्याने दरबारात जाऊन न्याय मागितला. वाड्यातल्या कुत्र्यांना ताकातून कुशाचे गवत देताच त्यांनी कातडे ओकले आणि खरे गुन्हेगार सापडले. जातीवरून दोष ठरवणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

आजही कुत्रा अधूनमधून गवत खातो. तेव्हा त्याच्या तोंडी प्लॅस्टिक येऊ नये. म्हणून वाचकहो, अंगणात एक हातभर माती तरी उघडी ठेवा. आणि दाराबाहेरच्या गल्लीतल्या कुत्र्यासाठी उन्हाळ्यात पाण्याचे एक भांडे ठेवा. त्याला जात विचारू नका.