गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही तेव्हा…



पहिली ते पाचवीच्या मुलांना आपण शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची गुलाबी गोळी देतो. खिचडी झाली की रांग, गोळी आणि वर पाणी. त्यामुळे ॲनिमिया म्हटलं की डोक्यात एकच येतं: लोह कमी, म्हणजे खाणं कमी. मीही तेच समजत होते. मागच्या वर्षी तिसरीतली एक मुलगी सारखी बाकावर डोकं टेकायची. तिच्या आईला मी पालेभाजी, गूळ-शेंगदाणे, खजूर यावर चांगलं लेक्चर दिलं. नंतर कळलं, खाण्यात काहीच कमी नव्हतं. मुलीच्या हाडांतच रक्त तयार होईनासं झालं होतं. आजाराचं नाव अप्लास्टिक ॲनिमिया.

मटणाची नळी चोखताना आतून मऊ गर येतो ना, तीच मज्जा. आपल्या हाडांतल्या मज्जेत रक्ताच्या पेशी तयार होतात. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट ८ ते १० दिवस. म्हणून नवीन माल सतत लागतो. लोह कमी पडणं म्हणजे घरात पीठ नसणं. पीठ आणलं की भाकऱ्या होतात. अप्लास्टिकमध्ये चूलच विझलेली असते, मज्जेच्या जागी चरबी साठते. मग पिठाची पोती आणून काय उपयोग? म्हाताऱ्या माणसांत आणखी एक प्रकार जास्त दिसतो, एमडीएस. तिथे चूल पेटलेली असते, पण भाकरी तव्यावरच करपते. पेशी सदोष बनतात आणि बाहेर पडण्याआधीच मरतात.

मज्जा बिघडली की बहुतेक वेळा फक्त तांबड्या पेशी कमी होत नाहीत. प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशीही घटतात. म्हणून ओळखायच्या खुणा वेगळ्या असतात: वारंवार घोळणा फुटणं, हिरड्यांतून रक्त, न लागता काळेनिळे डाग, टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, पुन्हा पुन्हा ताप. आमच्या मुलीच्या नडगीवर डाग होते. मी म्हटलं, खो-खोत पडली असेल. नाकातून रक्त आलं तर म्हटलं, ऊन बाधलं. खरं तर दोन्ही गोष्टी एकत्र बघायला हव्या होत्या.

लोहाच्या कमतरतेत डॉक्टरांनी दिलेली रोजची गोळी नीट घेतली, तर महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण १ ग्रॅम तरी वाढतं. नाही वाढलं, तर आईला दोष देण्याआधी सीबीसी ही रक्ततपासणी करायला सांगा. न वाढण्याची कारणं इतरही असतात, थॅलेसेमिया, जंत वगैरे. पण तिन्ही पेशी कमी दिसल्या तर रक्तविकारतज्ज्ञच हवेत. ते कमरेच्या हाडातून मज्जेचा नमुना घेतात. पालक यालाच फार घाबरतात, "मणक्यात सुई घालणार" म्हणून. ती सुई मणक्यात जात नाही.

हा आजार संसर्गजन्य नाही, हे शेजारच्या बाकावरच्या मुलांच्या पालकांनाही सांगावं लागलं. बहुतेक रुग्णांत शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच मज्जेवर उलटते. काहींत दोष जन्मतःच असतो, जसा फॅन्कोनी ॲनिमियात. अशा काही मुलांची उंची कमी असते, अंगठा वेगळा असतो.

उपचार आहेत. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आहेत, नाहीतर मज्जा प्रत्यारोपण. भारतात पहिलं यशस्वी प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं. ते रक्ताच्या कर्करोगासाठी होतं, पण पद्धत तीच. नवीन मज्जा रक्ताच्या बाटलीसारखी शिरेतून देतात. सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक.

तोवर रक्त चढवावं लागतं. इथे दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा. एक, अशा मुलाला घरच्यांनी हौसेने रक्त देऊ नये, त्यामुळे पुढे प्रत्यारोपण नाकारलं जाण्याचा धोका वाढतो. रक्त बाहेरच्या दात्याचं घ्यावं. दुसरी, प्रत्येक पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात जातं आणि ते बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. म्हणजे या मुलांना उलट लोह काढायचं औषध लागू शकतं! गोळ्यांच्या दिवशी मी तिचं नाव यादीतून डॉक्टरांना विचारून वगळलं.

तिचा भाऊ आमच्याच शाळेत पहिलीत आहे. त्याची जुळणीची तपासणी झाली आहे. रिपोर्ट यायचा आहे.