रिकामा कॅन, एक पोचा आणि अहमदीच्या टाक्या

शीतपेयाचा रिकामा, कुठेही न चेपलेला कॅन जमिनीवर ठेवा आणि भिंतीचा आधार घेत एका पायाने अलगद त्यावर उभे राहा. बहुधा तो तुमचे वजन पेलेल. आता कुणाला तरी पट्टीने कॅनच्या बाजूला हलकीच टिचकी मारायला सांगा. क्षणात कॅनचा चपटा पापड! (बोट वापरू नका, माझे एकदा सापडले आहे.)

यालाच बकलिंग म्हणतात. पातळ नळकांडे किती दाबाला दुमडेल याचे सूत्र शंभर वर्षांहून जुने आहे: यंगच्या गुणांकाला भिंतीच्या जाडीने गुणा, त्रिज्येने भागा आणि साधारण ०.६ पट घ्या. कॅनची भिंत ०.१ मिमी, त्रिज्या ३३ मिमी धरली तर उत्तर येते सुमारे २७० किलो. प्रयोगात मात्र नळकांडी याच्या निम्म्यालाही पोचत नव्हती, काही तर पाव हिश्श्यालाच बसत. गणित बरोबर, मग चुकले काय?

उत्तर नेदरलँड्सच्या वॉर्नर कॉयटरने १९४५च्या प्रबंधात दिले. सरळ काठी वाकली तरी थोडाफार भार धरून राहते. नळकांडे तसे नाही. त्याची भिंत दाबाला ताठ, पण वाकायला अगदी सोपी. शिवाय दुमडण्याचे कितीतरी आकार जवळपास एकाच भाराला तयार असतात. भिंतीच्या जाडीहूनही उथळ पोचा त्यांतल्या एकाला वाट करून देतो, आणि एकदा दुमडायला लागले की भार पेलण्याची ताकदच कोसळते. प्रबंध डच भाषेत असल्यामुळे जगाला तो कळायला बरीच वर्षे गेली!

म्हणून अभियंते सूत्राच्या उत्तराला कात्री लावतात. नासाच्या १९६८च्या नियमाने आपल्या कॅनला सुमारे १०५ किलोच मिळतात. त्रिज्येच्या मानाने भिंत जितकी पातळ, तितकी कात्री मोठी. २० मीटर त्रिज्येच्या, १० मिमी पत्र्याच्या पोलादी टाकीला त्याच नियमाने जेमतेम १५ टक्के उरतात.

इथे कुवेतमध्ये अहमदीच्या टेकडीवर कच्च्या तेलाच्या अशाच अजस्र टाक्या आहेत. तेल तिथून उताराने बंदराकडे जाते. भरलेल्या टाकीत तेलाचा दाब पत्रा आतून ताणून धरतो, न उघडलेला कॅन कडक लागतो तसा. रिकामी टाकी नाजूक. त्यात वारा बाजूने रेटतो, म्हणजे दुमडण्याची तऱ्हा वेगळी, पण दुखणे तेच. उघड्या तोंडाच्या टाकीला वरच्या कडेजवळ बाहेरून पोलादी कडे दिसते ना, ते शमाल वाऱ्यात तिची गोलाई टिकवण्यासाठी असते.