सायकल जाईल तिथवर पाव

दक्षिण गोव्यात सासष्टीच्या किनाऱ्याला धरून एक रस्ता जातो. उतोर्डा, माजोर्डा, बेतालभाटी, कोलवा, बाणावली, वार्का अशी गावं ओलांडत तो दक्षिणेला उतरतो. चढ असा नाहीच. एका बाजूला भातशेती, दुसऱ्या बाजूला माड आणि त्यापलीकडे समुद्र. सायकलवरून बेकऱ्या धुंडाळायच्या तर यापेक्षा सोयीचा रस्ता मला तरी माहीत नाही. अडचण एवढीच की इथली बेकरी सहसा रस्त्यावर नसते. ती घराच्या मागच्या अंगाला असते, पाटी नसते, काचेचं कपाट नसतं. सरळ पोदेराच्या मागे सायकल घालावी. फेरी संपवून रिकामी टोपली घेऊन तो जिथे परत जातो, तिथे भट्टी.

पोदेर म्हणजे गोव्याचा पाववाला. मागच्या कॅरियरवर बांबूची मोठी टोपली, तीवर निळं प्लास्टिक, हँडलला रबरी भोंगा. पहाटे एक फेरी आणि दुपार कलल्यावर दुसरी. भोंगा वाजला की फाटकं उघडतात. पूर्वी तो पायी यायचा. अंगात गुडघ्यापर्यंतची ‘कबाय’, डोक्यावर टोपली, हातात खुळखुळणारा बांबू. लुसियो रॉड्रिग्स यांनी इंग्रजीत रंगवलेला हा जुना पोदेर सीबीएसईच्या दहावीच्या पुस्तकात आहे. महिन्याचा हिशेब भिंतीवर पेन्सिलीने मांडायची रीतही त्यात आली आहे.

गोवा हा भाताचा मुलूख. गहू इथलं पीक नव्हे. 1510 मध्ये पोर्तुगीज आले आणि त्यांना दोन कारणांसाठी गहू हवा झाला: जेवणाच्या टेबलासाठी आणि चर्चमधल्या मिस्सेसाठी. 1542 मध्ये जेझुइट पोचले. पुढे सासष्टी त्यांच्या धर्मकार्याचं क्षेत्र ठरलं आणि पाव भाजण्याची विद्या त्यांनी प्रथम माजोर्ड्याच्या लोकांना दिली, असं गोव्यात मानतात. यीस्ट कुठून आणायचं, या प्रश्नाचं उत्तर डोक्यावरच होतं. माडाची सूर, म्हणजे माडी, घातली की पीठ फुगतं. आता बहुतेक भट्ट्यांत बाजारचं यीस्ट वापरतात. सुरेच्या पावाला येणारी हलकी आंबूस चव त्याला नाही, आणि नाही ती नाहीच.

विहिरीत पाव टाकून अख्खं गाव बाटवल्याची कथा वसईपासून गोव्यापर्यंत मराठी माणसाने लहानपणी ऐकलेली असते. पाव खाल्ला की धर्म गेला, असा तो काळ. आज फोंड्यातल्या देवळाशेजारच्या घरातही सकाळी पातळ भाजीबरोबर पाव लागतो. चार शतकांचं भांडण न्याहारीने मिटवलं, असं म्हणायला हरकत नाही.

टोपलीत काय काय असतं? मऊ चौकोनी पाव सगळ्यांना ठाऊक आहे. ‘उंडो’ गोल, वरून कडक, आत लुसलुशीत; रस्सा टिपायला यासारखा दुसरा नाही. ‘कातरो’ पीठ कातरून दुभंगलेला, कडा जास्त खरपूस. ‘काकणं’ बांगडीच्या आकाराची आणि चांगलीच टणक. चहात बुडवल्याशिवाय दातांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये. पण खरी राणी ‘पोई’. पिठात गव्हाचा कोंडा, वरूनही कोंडा भुरभुरलेला. भट्टीत ती फुगते आणि आत पोकळी राहते. त्या पोकळीत चुरीस, म्हणजे गोव्याचं सॉसेज, भरा, ऑम्लेट भरा, नुसतं लोणी घाला. मधुमेह असलेली माणसं पथ्य म्हणून पोई घेतात, बाकीचे चवीसाठी. पोई गरम असतानाच खावी. दुपारपर्यंत ती चिवट होते, आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधली तर त्याआधीच.

सगळी मेख इथे आहे. या पावात तो टिकावा म्हणून काही घातलेलं नसतं. म्हणजे भट्टीपासून तो किती लांब जाऊ शकतो, हे ठरवतं पोदेराचं पायडल. गोव्यात गावोगाव भट्ट्या राहिल्या, त्याचं श्रेय लोक परंपरेला देतात. मी ते सायकलला देईन. एका सायकलच्या टप्प्यात जेवढे वाडे बसतात तेवढंच एका भट्टीचं राज्य. त्यापलीकडे दुसऱ्याची भट्टी, दुसऱ्याच्या हाताची चव. म्हणून माजोर्ड्याचा उंडो आणि बाणावलीचा उंडो एकसारखा लागत नाही, आणि या रस्त्यावर सायकल मारण्यात अर्थ आहे.

भट्टी घुमटाकार, चिरा आणि मातीची. जुन्या भट्टीच्या तळाखाली मीठ आणि फुटक्या काचा भरतात, म्हणजे उष्णता धरून राहते. आत लाकडं पेटवायची, भट्टी तापली की निखारे बाजूला सारायचे आणि लांब दांड्याच्या फळीने पाव आत सरकवायचे. वेळ घड्याळ सांगत नाही, हात सांगतो. मालकाची पुढची पिढी पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेलेली असते किंवा जहाजावर असते. त्यामुळे कित्येक भट्ट्या भाड्याने दिलेल्या आहेत, आणि त्यांपुढे उभा असलेला कारागीर कर्नाटकातून आलेला असतो. ‘खरा गोंयकार पाव’ संपला म्हणून हळहळणाऱ्यांनी त्याच्या हातची पोई आधी खाऊन पाहावी.

गोड खायचं तर पणजी गाठावी. फोंतेन्यातली ‘कॉन्फेतारिया 31 दे जानेरो’ 1930 पासूनची. तिथे बेबिंका, म्हणजे गोव्याचा थरांचा केक, मिळते. तिला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पणजीहून जुन्या गोव्याकडे मांडवीच्या काठाने पायडल मारलं की दिवाडी बेटाची फेरीबोट. बोटीत सायकल चढते आणि पलीकडे पिएदादच्या वाटेवर पुन्हा भोंगा ऐकू येतो.

धोका लाकडाच्या भावाचा आहे, मैद्याच्या भावाचाही आहे. पण मला जास्त भीती स्कूटरची वाटते. स्कूटरवरचा पोदेर चार गावं आटोपतो, म्हणजे चार भट्ट्यांचं काम एक भट्टी करते. पोदेराचे कष्ट वाचतात, त्याबद्दल त्याला बोल लावता येत नाही. उरलेल्या तीन भट्ट्या मात्र विझतात.

तेव्हा गोव्याला जाल तर हॉटेलच्या न्याहारीचे पैसे आधी भरू नका. किनाऱ्याजवळच्या गावात भाड्याची सायकल घ्या, सातच्या आत बाहेर पडा, खिशात सुटे पैसे आणि खांद्याला कापडी पिशवी असू द्या. भोंगा ऐकू आला की थांबा आणि पोई आधी मागा. ती सगळ्यात लवकर संपते.