फुरसतीतले तत्त्वज्ञान

शनिवार-रविवारच्या ऑनलाइन तत्त्वज्ञान वर्गाचे नाव निघाले, की अंधेरी-घाटकोपरच्या घरांत दोन प्रश्न येतात: ईमान डळमळणार नाही ना? आणि नोकरी मिळेल का?

पहिल्याचे उत्तर इमाम गजाली (रह.) यांच्या आयुष्यात आहे. बगदादच्या मदरशात तीनशे विद्यार्थ्यांना शिकवत असताना, उरलेल्या फुरसतीत, उस्तादाशिवाय त्यांनी दोन वर्षांच्या आत तत्त्वज्ञान वाचून काढले. मग १०९५ साली तत्त्वज्ञांच्या चुका दाखवणारा ग्रंथ पूर्ण केला. आधी समजून घेतले, मगच खंडन केले.

भविष्य-अभ्यासाचेही तसेच. गैब अल्लाहच जाणतो. इथे भाकीत नसते, कारणे ओळखून तयारी करायची असते. राज्ये का चढतात, का ढासळतात, याची कारणे इब्न खल्दून यांनी १३७७ मध्येच ‘मुकद्दिमा’त मांडली.

नोकरी लगेच मिळेलच असे नाही. पण यूपीएससीला तत्त्वज्ञान हा ऐच्छिक विषय आहे, आणि मुद्दा पारखण्याची सवय वकिली-पत्रकारितेत उपयोगी पडते. सरकारच्या ‘स्वयम्’वर असे अभ्यासक्रम मोफत शिकता येतात, प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेचे शुल्क.

खरी अडचण वेगळीच. रविवारी घर पाहुण्यांनी आणि स्वयंपाकाने भरलेले असते. मुलीला, सुनेला दोन तास, एक कोपरा आणि मोबाइल मिळाला, तरच हा इल्म तिच्यापर्यंत पोहोचेल.