मानलेला भाऊ
मैत्रिणीच्या थोरल्या भावाला लहानपणापासून ‘दादा’ म्हटलेले असते, राखीही बांधलेली असते. पुढे मन तिकडेच ओढ घेऊ लागले, की तोच शब्द आड येतो. कोपरगावला ही अडचण नवी नाही. गोदाकाठच्या बेट भागात शुक्राचार्यांचे मंदिर आहे आणि कच-देवयानीची कथा इथेच घडली, अशी स्थानिक श्रद्धा आहे. संजीवनी विद्येसाठी आलेल्या कचाला असुर वारंवार ठार करतात. अखेरीस त्याची राख मद्यातून शुक्राचार्यांच्याच पोटात जाते. देवयानीच्या हट्टामुळे तो गुरूच्या उदरातून पुन्हा जन्म घेतो. ज्या वाटेने तो वाचला, त्याच वाटेने तिचा भाऊ झाला! तिने विवाहाची इच्छा बोलून दाखवताच कचाने हेच कारण पुढे केले. शेवट परस्परांना दिलेल्या शापांत झाला. कचाचा हिशेब बिनचूक खरा, पण देवयानीच्या खात्यावर काय जमा झाले? मैत्रिणीच्या घरचा ‘दादा’ तर केवळ मानलेला. कुळ निराळे, गोत्र निराळे. तरीही विषय निघताच मुलीची प्रीती आणि मैत्री, दोन्ही एकदम पणाला लागतात. बेटातील याच मंदिरात विवाहासाठी मुहूर्त पाहावा लागत नाही, असे मानतात.