पोरं मागे ठेवून पळायचं कसं?

लग्नासाठी जमीनदाराकडून शे-दोनशे रुपये उचलायचे आणि फिटेपर्यंत त्याच्या वाडीवर राबायचे. ते कधीच फिटत नसत. डहाणू-उंबरगाव पट्ट्यातल्या वारल्यांमध्ये अशा माणसाला लग्नगडी म्हणत. नाव गड्याचे, पण बाईही त्याच कर्जात अडकायची. मालकाकडचे शेणगोठ्याचे काम तिच्याकडे, आणि त्याने अंगावर हात टाकला तरी दाद मागायला जागा नाही. पोरे जरा मोठी झाली की तीही त्याच वाडीवर कामाला लागत.

अशी बाई पळून का जात नव्हती, असे सहज विचारले जाते. एकटा गडी रातोरात जंगल ओलांडून जाईल. एक पोर कडेवर आणि दुसरे बोटाशी धरलेली आई किती लांब जाणार? आणि पोरे मागे ठेवली तर मालक राग कोणावर काढणार?

अमेरिकेतल्या हॅरिएट जेकब्स या गुलाम बाईला हेच कोडे सोडवायचे होते. नॉर्थ कॅरोलायनातले ईडन्टन तिचे गाव. तिथल्या कायद्याने आई गुलाम तर मूलही गुलाम. मालकाने तिची दोन्ही मुले मळ्यावर धाडायचे ठरवले, तेव्हा 1835 मध्ये ती नाहीशी झाली. आपण हाती लागलो नाही तर मालक कंटाळून मुलांना विकेल आणि त्यांचा बाप त्यांना विकत घेईल, असा तिचा हिशेब होता. तो खरा ठरला. ती मात्र आजीच्या घरावरच्या माळ्यात लपून होती. माळा नऊ फूट लांब, सात फूट रुंद. सर्वांत उंच जागी जेमतेम तीन फूट. ताठ बसायचीही सोय नव्हती. हाताला लागलेल्या गिरमिटाने तिने फळीला भोके पाडली आणि त्यांतून खाली खेळणारी आपली मुले पाहिली. आई डोक्यावरच आहे, हे त्यांना बहुतेक काळ ठाऊक नव्हते. जवळपास सात वर्षांनी, 1842 मध्ये, ती जहाजाने उत्तरेला निसटली. तिची आत्मकथा 1861 मध्ये आली. तिच्यासारख्यांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांनाच जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली.

आपल्याकडे गुलामाची मालकी कोर्टाने मानू नये, असा कायदा गव्हर्नर जनरल एलनबरोच्या सरकारने एप्रिल 1843 मध्ये केला. कायदा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखापुरता होता. पण त्या मुलखातल्या डहाणूतही कर्जाच्या नावाखाली माणसे बांधलेलीच राहिली, तीही आणखी शंभर वर्षे.

ती सुटली 1945 मध्ये. 23 मे रोजी झरी गावात वारल्यांची परिषद भरली आणि वेठ करायची नाही असे ठरले. गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या किसान सभेचे जथे लाल बावटा घेऊन गावोगाव फिरले आणि त्यांनी लग्नगड्यांना सोडवले. एकट्या आईला जे जमले नसते, ते सगळे एकदम उठले म्हणून झाले. किंमतही मोजावी लागली. ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगडसह पाच जण गेले.

आज कर्जाला उचल म्हणतात. ग्वाल्हेरच्या आसपास शिवपुरी, श्योपूर, गुणा भागातली सहरिया आदिवासी कुटुंबे उचलीपोटी दगडखाणींतही राबताना सापडली आहेत. ग्वाल्हेरच्या नया बाजारात एखाद्या दुकानाची फरशी नवी होते तेव्हा तो दगड कोणी फोडला, हे गिऱ्हाईक विचारत नाही. विचारायला हवे. इगतपुरीजवळ तर 2022 मध्ये कातकऱ्यांची मुलेच थोड्या पैशांवर मेंढ्या राखायला दिलेली आढळली.

वेठबिगारीविरोधी कायदा 1976 चा आहे. त्याच्या 6व्या कलमाने असे कर्ज आपोआप संपते. कर्ज वेठीचे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार 15व्या कलमाने सावकारावर टाकला आहे. बाईने कागद दाखवायची गरज नाही. अर्ज जिल्हाधिकाऱ्याकडे किंवा प्रांताकडे करायचा. चौकशीनंतर मुक्ती प्रमाणपत्र मिळते, आणि केंद्राच्या पुनर्वसन योजनेत पुरुषाला 1 लाख तर बाईला आणि मुलाला 2 लाख रुपयांची तरतूद आहे. प्रमाणपत्र एकट्या घरधन्याच्या नावाचे निघू देऊ नये. बाईचे आणि राबणाऱ्या प्रत्येक मुलाचे वेगळे मागून घ्यावे.