ग्लुकोमीटर : थेंबभर रक्तातली साखर

ग्लुकोमीटरमध्ये घालायची पट्टी काय करते? पट्टीच्या टोकाशी ग्लुकोज ऑक्सिडेज किंवा ग्लुकोज डिहायड्रोजनेज हे एन्झाइम असते. रक्तातल्या ग्लुकोजशी त्याची क्रिया होऊन सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो. यंत्र तो मोजून आकडा दाखवते.

१९६५ : एम्स कंपनीची 'डेक्स्ट्रोस्टिक्स' पट्टी. रक्ताचा मोठा थेंब मिनिटभर ठेवायचा, पाण्याने धुवायचा, उमटलेला निळा रंग तक्त्याशी ताडून पाहायचा. १९७० च्या सुमारास हा रंग यंत्राने वाचणे सुरू झाले. पेनाएवढे, विद्युतप्रवाह मोजणारे यंत्र १९८७ मध्ये आले.

टोचताना
• हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. आंबा चिरून तसेच बोट टोचले, तर फळाची साखर थेंबात मिसळते आणि आकडा बराच फुगतो.
• बोटाच्या मधोमध नव्हे, कडेला टोचावे, दुखते कमी.
• लॅन्सेट (टोचायची सुई) एकाचे दुसऱ्याने कधीही वापरू नये, घरातल्या घरातही नाही. कावीळ 'ब' अशा वापरातून पसरते.

डबी : पट्ट्यांना ओलावा चालत नाही. पट्टी काढताच झाकण घट्ट लावावे, पावसाळ्यात तर हमखास.

अचूकता : आयएसओ १५१९७ (२०१३) नुसार १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर व त्यापुढील किमान ९५ टक्के नोंदी प्रयोगशाळेच्या आकड्याच्या १५ टक्क्यांच्या आत हव्यात.

निदान वेगळे : उपाशीपोटी १२६ किंवा अधिक हा मधुमेहाचा निकष शिरेतून घेतलेल्या रक्ताच्या प्रयोगशाळेतील तपासणीसाठी आहे. ग्लुकोमीटर रोजच्या देखरेखीसाठी. ७० पेक्षा कमी आकडा म्हणजे साखर उतरली. लगेच साखर किंवा ग्लुकोज द्यावे.